नाईसचं मामेकूळ

आमच्या घरात चांगल्याला चांगलं म्हणायची सोय न्हाई. कुणी म्हणलंच तर मी त्याला उंबऱ्याच्या भायेर काढती, मग तो पावणा असू दे न्हाईतर पंचायतीचा मेंबर. ही रीत माझी न्हवं, माझ्या आजेसासूची, बयाबाईची. बयाबाई एका सांजेला मेंढरं जाळीच्या वाघरात कोंडत व्हती. कोंडता कोंडता तिनं एका कोकराच्या पाठीवरनं हात फिरवला आन म्हणली, काय देखणं हाय गं माझं लेकरू. त्याच राती बिबट्या आला आन नेमकं तेच कोकरू घेऊन गेला. वाघर मेंढरांनी भरल्यालं व्हतं, पर मेल्याला तेच दिसलं.

तवापास्नं बयाबाईनं ठरवलं, की भायेरच्या माणसाची दृष्ट काढली की निघती, पर घरच्या माणसाची निघत न्हाई. कारण घरच्याच्या नजरंत माया असती, आन माया लई चिकाट असती. म्हणून ज्याच्यावर जीव हाय त्याला नावं ठेवायची. जीव जेवढा जास्त, तेवढी शिवी भारी. आमच्या कळपातला सगळ्यात उमदा मेंढा, त्याचं नाव आमी भिकार ठेवलंय. कांद्याचं पीक जोरात आलं की आमी बांधावर उभं राहून म्हणतो, यंदा नुसता पालाच हाय, राव. स्वराज माझा एकुलता एक, त्याला मी बारशापास्नं येडपट म्हणती.

आन दुसरा नेम असा, की ही रीत कुणाला फोडून सांगायची न्हाई. एकदा सांगितली की दृष्टीला बी कळती, मग शिव्या देऊन उपेग काय? तुमी म्हणशाल, मग सुंदराबाई, आत्ता आमाला कशी सांगताय? सांगती, दम धरा जरा. मधी बोललेलं मला खपत न्हाई.

तर घरात आमी चौघं. मी सुंदरा. आमचं हे, म्हंजे राघू. घेतलं नाव, आता या वयात कोण काय करतंय. पोरगा स्वराज, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात कामाला. आन सून प्रतिभा. गाव आमचं डिंगोरे. चार मेंढरं राखली हायेत, बाकी सगळी शेती.

प्रतिभा पेठची. पेठ म्हंजे पुणे-नाशिक रस्त्यावरचं गाव. तिथल्या माणसांना गाड्यांच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं सगळं मोठ्यानं आन तोंडावर. तिच्या आज्यानंच मेंढरं विकून टाकल्याली, बाप दादाभाऊची मालाची पिकअप हाय, डायवर ठेवून चालवतो, आन ही पोरगी इंग्रजी घेऊन बीए झाल्याली. लगीन व्हायच्या आदी मंचरला एका क्लासमधी इंग्रजी शिकवत व्हती. लगनात तिच्याबरुबर भांडी आली, कपाट आलं, आन एक पत्र्याची ट्रंक आली ती नुसती पुस्तकांनी भरल्याली. उचलताना स्वराजच्या कंबरंत उसण भरली.

माप ओलांडून आत आली, देवाच्या पाया पडली आन आल्या पावली मेंढरं बघायला मागं गेली. भिकारच्या कपाळावर हात ठेवला आन म्हणली, "हाऊ नाईस."

इंग्रजी मला येत न्हाई, पर माणूस जनावराकडं कुठल्या नजरंनं बघतंय ते मला कळतं. ही सरळ सरळ कौतुक करत व्हती, ते बी घरचं माणूस झाल्यावर.

रातच्याला मी यांना म्हणलं, "आता भिकारचं काय खरं न्हाई."

हे म्हणलं, "आगं, दृष्टीला इंग्रजी कुठं येतंय?"

"का न्हाई येणार? गावातली सगळी पोरं इंग्लिश मिडियमला जात्यात. पिवळी बस आपल्या दारावरनं जाती. दृष्टीला काय कान न्हाईत का?"

यांनी बराच येळ इचार केला. "तरी बी नीट शिकायला तिला दोन-चार वर्सं लागत्याल," म्हणलं आन कुशीवर वळून घोरायला लागलं.

पर ती पोरगी थांबती कुठं. ताक पिली, नाईस. हिरीवर गेली, पाणी नाईस. आठवड्याच्या आत हिरीवरची मोटर जळली. आता मोटर दर उन्हाळ्यात जळती, मला काय ठावं न्हाई असं न्हाई, पर या बारीला नाईस म्हणल्यावर जळली. शेजारची माझी जाव हिरा, तिचं कार्ट सायकलीवरनं पडलं. मी लगीच इचारलं, प्रतिभा त्याला काय म्हणली व्हती? तर हिरा म्हणली, ती म्हणली व्हती, सायकल नाईस हाय. मग, म्हणलं, आता तूच बघ.

असं असलं तरी पोरगी माझ्या मनात भरली व्हती. खोटं कशाला बोलू. तिचं हसणं हिरीपत्तूर ऐकू जायचं. सकाळी उठून आदी मेंढरांना नावानं हाका मारायची आन मग मला च्या द्यायची. पैल्यांदा तिनं चुलीवर बाजरीच्या भाकरी टाकल्या, तवा मी बघतच राहिले. पातळ, टम्म फुगल्याली, पापुद्रा सुटल्याला. एक घास खाल्ला आन माझा जीव भरून आला. मग मी अगदी मनापासनं म्हणलं, "काय ही भाकर. आमचं कुत्रं बी तोंड फिरवील."

यांनी माझ्याबी वर कडी केली. दुसरी भाकर घेत म्हणलं, "कुत्र्याचं सोड. ही गटारात टाकली तर गटार भायेर फेकंल."

यांच्या तोंडून गटार म्हंजे लई मोठी गोष्ट. माझा सोताचा सैपाक इतकी वर्सं खाल्ला, पर मला कधी कुत्र्याच्या पुढं नेलं न्हवतं त्यांनी. मला थोडा राग बी आला. प्रतिभानं हातातला घास ताटात ठेवला आन पाणी आणायला म्हणून उठून गेली. मला वाटलं, लाजली.

दुसऱ्या दिवशी स्वराज मला गोठ्यात गाठून म्हणला, "आई, तिला आपली रीत सांगू का?"

"सांगितलीस तर तंगडं मोडीन."

"बरं," म्हणला आन गाडीला किक मारून गेला. त्याला तेवढंच पायजे व्हतं. बायकोला काय सांगायचं म्हणलं की त्याची बोबडी वळती.

एकदा तिनं दारात रांगोळी काढली. मोर काढला व्हता, पिसारा उंबऱ्यापास्नं पार तुळशीपत्तूर. पाय ठेवायचं धाडस हुईना. मी म्हणलं, "इथं कोंबडी मेली वाटतं." दुसऱ्या दिवसापास्नं रांगोळी बंद. तिनं परसात भेंडी लावली, कवळी लुसलुशीत आली. मी म्हणलं, "दोऱ्या वळायला बऱ्यात." भेंडीकडं जायचं बी तिनं सोडलं. हळूहळू तिचं ते नाईस कमी झालं, हसणं बी कमी झालं. आन मी येडी, मनात म्हणत व्हते, शिकली पोरगी. चांगली वस्तू मिरवायची न्हाई एवढं तिला न सांगता कळलं. पेठची असून.

मग आमची एक मेंढी व्याली, तिला जुळी झाली. दोन्ही कोकरं पांढरी सफेत, कान तेवढं काळं. प्रतिभा भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन बघायला आली आन तिच्या तोंडून निसटलं, "नाईस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैल्याच दिवसाची कोकरं ती. मी तिला हाताला धरून वसरीवर बसवलं. म्हणलं, "आता मला एकदा सांग. हा तुझा नाईस हाय तरी कोण? गाव कुठलं, घराणं कुठलं, मामेकूळ काय? सोयरीक करताना आमी पोराची सात पिढ्यांची चवकशी करतो, आन हा सरळ घरात घुसून पार कोकरापत्तूर आला."

मला वाटलं, रडंल. तर ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. आत गेली, ट्रंक उघडली, आन एक पुस्तक घेऊन आली. पुस्तक कसलं, पाटा व्हता पाटा. मांडीवर घेऊन बसली आन तिचा चेहराच बदलला. मला म्हणली, "आई, इचारा काय इचारायचं ते." इचारा म्हणली, माझ्यावानी.

"मूळ गाव?"

"रोम. भाषा लॅटिन."

"आईबाप?"

"एकीकडनं 'ने', म्हणजे नाही. दुसरीकडनं 'स्किरे', म्हणजे जाणणं. दोन्ही मिळून झालं नेस्कियस. ज्याला काही कळत नाही असा माणूस."

"म्हंजे अडाणी?"

"अडाणीच."

मी जरा सरकून बसले. हे मेंढीला पाला घालत व्हते, त्यांचा हात थांबला. मी म्हणलं, "मग पुढं कुठं दिला?"

"फ्रेंचांकडं. तिथं त्याचं नेस्कियसचं नाईस झालं. पण वागणूक तीच. बावळट, वेंधळा. आणि तिथं आणखी एक अर्थ होता, गरीब, गरजू. ज्याच्याकडं काही म्हणता काही नाही."

"म्हंजे भिकार?"

"हो, तसंच म्हणा. भिकार."

मी यांच्याकडं बघितलं, यांनी माझ्याकडं बघितलं. मागनं मेंढा ओरडला, त्याला वाटलं आपल्यालाच बोलावलं.

"आन इंग्रजांकडं कवा आला?"

"सातशे वर्षं तरी झाली. तिथं आल्या आल्या सगळे त्याला मूर्खच म्हणायचे. मग म्हणायला लागले भित्रा, लाजरा. मग काय झालं कुणास ठाऊक, अर्थ झाला चोखंदळ, कशालाही नाक मुरडणारा. पुढं नाजूक. त्याच्याही पुढं काटेकोर, अगदी बारीक बघणारा. आणि छान, गोड असा अर्थ यायला खूपच उशीर झाला, आत्ता अडीचशे वर्षांपूर्वी. मायाळू तर त्याच्याही नंतर."

"एवढी घरं फिरला?"

"फिरला. आणि एका घरातनं दुसऱ्या घरात कसा गेला ते शहाण्यासुरत्यांना पण नीट सांगता येत नाही. जुन्या लिखाणात कुठं कुठं तर कळतच नाही, की लिहिणारा कौतुक करतोय का नावं ठेवतोय."

मला मातूर कळलं. पुस्तकवाल्यांना कळलं न्हाई ते मला तिथंच वसरीवर बसून कळलं. इंग्रजांच्या घरात बी एक बयाबाई व्हती. तिचं बी कोकरू बिबट्यानं नेलं असणार, तिकडं बिबट्या नसला तर लांडगा. तिनं बी ठरवलं असणार, जीव असंल त्याला अडाणी म्हणायचं, भिकार म्हणायचं. म्हणता म्हणता सगळा देश ते कौतुक म्हणून म्हणायला लागला, आन दृष्टीला अजून पत्ता न्हाई. ती बिचारी अडाणी ऐकती आन निघून जाती. इतकं बिनधोक कौतुक आमच्या चार पिढ्यांत कुणाला सापडलं न्हवतं.

मी उठले आन म्हणलं, "आजपास्नं या घरात नाईस म्हणायला परवानगी हाय."

परवानगी का दिली ते प्रतिभाला ठावं न्हवतं, पर तिला लई आनंद झाला. सासूला आपला शब्द आवडला म्हणून तिनं त्या दिवशी मला सोताहून मिठी मारली. पीठ सगळं माझ्या लुगड्याला लागलं. मी म्हणलं, नाईस.

आन तिथंच घोटाळा झाला. आमचं हे, जलमभर यांना कशाचं कौतुक करायला मिळालं न्हवतं. उपाशी माणूस पंगतीला बसावा तसं सुरू झालं. सकाळचा च्या नाईस, दाढीचा साबण नाईस. उकिरडा भरला, नाईस. वायरमन लाईट घालवून गेला, त्याला बी नाईस. येडगावला पावण्यांच्या दहाव्याला गेले, पिंडाला कावळा शिवंना म्हणून सगळी माणसं खोळंबल्याली. शेवटाला शिवला तसं हे सगळ्यांच्या मधी मोठ्यांदा म्हणले, "नाईस." लोकांनी माना वळवून बघितलं. मेल्या माणसाची लेक रडता रडता हसली.

मी काय कमी न्हवते. फाटकं लुगडं नाईस, गुडघ्याची कळ नाईस. हिरानं ऐकून ऐकून उचललं, तिच्याकडनं आळीनं उचललं. कशाला बी म्हणावं. पाणी आलं नाईस, पाणी गेलं नाईस. आता तो शब्द ऐकला तरी कुणी मान वर करंना.

एका सांजेला प्रतिभानं गरम भाकर ताटात टाकली. मी मन घट्ट केलं. म्हणलं, आज हिला कळू दे. डोळ्याला डोळा लावून मी सावकाश म्हणलं, "प्रतिभा, भाकर नाईस."

"हो का," ती म्हणली आन परातीकडं वळली.

त्याच्या घटकाभर आदीच यांनी आपल्या टाचंच्या फोडाला नाईस म्हणलं व्हतं.

आखाड लागला. आमच्यात नवी सून आखाडाला माहेरी जाती, बाप न्हाईतर भाऊ न्यायला येतो. दादाभाऊ आला, पर पिकअप घेऊन आला. मला नवल वाटलं. आखाडाला जाणाऱ्या पोरीची एक पिशवी असती, चार साड्या आन आईला द्यायला थोडं काय तरी. पिकअप कशाला? मी च्या ठेवला आन भायेर आले, तर दादाभाऊ आन त्याचा डायवर पुस्तकांची ट्रंक गाडीत चढवत व्हते. त्याच्यामागं थंडीतलं जाड पांघरूण गेलं. शिलाई मशीन गेली. आखाडात शिलाई मशीन कशाला लागती?

मी प्रतिभाला इचारलं, "पोरी, हे काय?"

ती खाली बघून बोलली, अगदी शांत. "आई, मी रागावून नाही जात. मंचरच्या क्लासवाल्यांनी परत बोलावलंय. मी आता तिकडंच राहीन. इथं मी कुणाला आवडले नाही. भाकरी आवडली नाही, रांगोळी आवडली नाही, भेंडी पण आवडली नाही. तुम्ही माणसं वाईट नाहीत. मी तुम्हाला पटले नाही एवढंच."

मी स्वराजकडं बघितलं. तो मोटरसायकलच्या आरशाकडं बघत उभा.

"तू हिला काय सांगितलं न्हाईस?"

"सांगणार व्हतो," तो म्हणला.

"कवा?"

"उद्या."

माझे हे पुढं झाले. जीव तुटत व्हता त्यांचा, मला दिसत व्हतं. त्यांनी दादाभाऊचा हात धरला आन म्हणलं, "पावणं, नका नेऊ. तुमची पोरगी नाईस हाय." दादाभाऊ नुसतं हूं म्हणला. मग यांचा धीर सुटला आन त्यांनी आतलं खरं बोलून टाकलं, "पावणं, लई भिकार हाय वो तुमची पोरगी. असली भिकार पोरगी मी उभ्या जलमात बघितली न्हाई."

दादाभाऊनं डोक्यावरची टोपी काढून डायवरच्या हातात दिली आन बाह्या वर सारायला लागला.

मी मधी पडले. दोन बाप्ये मारामारी करणार, सून जाणार, आन पोरगा आरशात बघत राहणार. मी तिथं उभी राहून इचार केला. बोलले तर रीत मोडती, दृष्टीला सगळं कळतं, आन ही पोरगी हातची जाती. न्हाई बोलले तरी ती पिकअपमधी बसून जातीच हाय. मग मी गप राहून वाचवती कुणाला?

"पावणं, बाह्या खाली घ्या," मी म्हणलं. "प्रतिभा, इकडं बघ." आन मी सगळं सांगितलं. बयाबाई सांगितली, कोकरू सांगितलं, बिबट्या सांगितला, भिकारचं नाव सांगितलं. हिरा तिच्या दारात येऊन सगळं ऐकत व्हती, तिला बी फुकट कळलं. आन मग मी ते बी बोलले जे माझ्या तोंडून कधी कुणाबद्दल निघालं न्हवतं. "तुझी भाकर चांगली असती. माझ्या आईच्या हातची बी अशी नसायची. त्या मोरावर पाय पडंल म्हणून मी त्या दिवशी मागच्या दारानं गेले. भेंडी मी चोरून कच्चीच खाल्ली. तू हसायची बंद झालीस तसं घर मला खायला उठतं. तू मला आवडतीस, पोरी. लई आवडतीस."

मग माझ्या ध्यानात आलं, मी बोलून बसले व्हते. घरची दृष्ट, ते बी आखाडात, ते बी माझी. आता काय व्हईल आन काय न्हाई. मी धावत आत गेले. मूठभर मीठ, मोहरी आन सात सुक्या मिरच्या घेऊन आले. घरच्याची दृष्ट निघत न्हाई हे मला ठावं व्हतं, पर हात थांबंनात.

"बस इथं पायरीवर," मी म्हणलं.

"आई, माझा यावर विश्वास नाही," ती म्हणली.

"माझा हाय. बस."

तिनं पिकअपच्या फाळक्यावरचा हात काढला, आली आन गपगुमान पायरीवर बसली. पदर डोक्यावर घेतला. मी ओवाळलं, पुटपुटले, आन आत जाऊन सगळं चुलीत टाकलं.

आता मिरच्या जळल्यावर ठसका लागला तर समजायचं, दृष्ट न्हाई. आन मिरच्या जळून बी वास आला न्हाई, तर समजायचं लई मोठी दृष्ट बसलीया. आमी सगळी दाराशी उभी. हे, स्वराज, दादाभाऊ, डायवर. हिरा कुंपणावरनं वाकल्याली. नाकं वर करून सगळी वाट बघत व्हती. वास काय येईना. स्वराज म्हणला, "आई, आपलं सगळ्यांचं नाक चोंदलंय का?"

आन मग आला. दादाभाऊला पैला ठसका लागला, मग यांना, मग सगळ्यांना. डायवर टोपी तोंडाला लावून गाडीमागं पळाला. मेंढरं शिंकायला लागली. डोळ्यातनं पाणी, नाकातनं पाणी, कुणाला बोलता येईना. म्हंजे दृष्ट न्हवतीच. माझी माया तिला लागलीच न्हाई, एवढी तोंडभरून बोलले तरी. बयाबाईचा बिबट्या नुसता भुकेला व्हता.

मला आदी राग आला. इतकी वर्सं, म्हणलं, इतकी वर्सं आमी पोराला येडपट म्हणलं आन पिकाला पाला म्हणलं, ते कशासाठी?

प्रतिभा खोकता खोकता हसत व्हती. ते तिचं हिरीपत्तूर जाणारं हसणं. "म्हणजे आई, ते गटार...?"

"ते तर लई मोठं कौतुक व्हतं. मला बी कधी मिळालं न्हाई."

तिनं डोळे पुसले आन बापाला म्हणली, "बाबा, ट्रंक उतरवा. मशीन पण. मी आखाडापुरती एका पिशवीवर येते." मग माझ्याकडं वळून म्हणली, "मंचरचा क्लास मात्र मी घेणार. इथनं येऊन जाऊन."

"घे की," मी म्हणलं. "स्वराज सोडंल."

"उद्यापास्नं," स्वराज म्हणला. ट्रंक त्यानंच उतरवली, आन परत उसण भरली.

पिकअप गेली. प्रतिभा फाळक्यातनं हात हलवत व्हती, मी रस्त्याच्या वळणापत्तूर बघत राहिले. स्वराज आत जाऊन आडवा पडला. अंगणात मी आन हे दोघंच. यांनी घसा साफ केला. मला वाटलं मिरच्यांचाच हाय.

"सुंदरा," म्हणले.

"काय?"

त्यांनी तोंड उघडलं आन मिटलं. परत उघडलं. सवयच न्हाई माणसाला. मला वाटलं, आता नाईस म्हणतील आन मी काय तरी फेकून मारीन.

"तू लगीन हून आलीस," हे म्हणले, "त्या दिवशी मी आदी उतरून वाघरापाशी उभा व्हतो. तू गाडीतनं उतरलीस. मला लई चांगली वाटली व्हतीस. तवाच म्हणायचं व्हतं. भ्यालो व्हतो."

मग ते घाईघाईनं मेंढरांकडं गेले, जसं काय त्यांना कुणी हाक मारलीया. मी पायरीवर बसले आन मोठ्यांदा रडले.